बंद दगडखदानी सुरक्षित करून मिटवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी,
गौण खनिज व बंद खदानी,
ठाणे जिल्हा.

दिनांक : 5 मे 2025

विषय : कल्याण-शीळ पट्ट्यातील बंद खदानींचे पाणी, कडे व क्रशरच्या डस्टचे ढीग यांचा पावसाळ्यापूर्वी बंदोबस्त करून खदानी कायमच्या सुरक्षित करणेबाबत.

संदर्भ : आमची यापूर्वीची सर्व निवेदने, त्यांच्या पोच आणि त्यावर मिळालेली आश्वासने.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या गावांतील व पाड्यांतील रहिवासी आपणांस सविनय सादर करतो की, या भागातल्या टेकड्यांचा काळा दगड गेली कित्येक वर्षे खडी होऊन ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या इमारतींत आणि रस्त्यांत गेला. दगड निघाला, स्वामित्वधन भरले गेले, परवान्यांची मुदत संपली, क्रशर दुसरीकडे हलले. खड्डे मात्र आमच्या दाराशी राहिले. कागदोपत्री या खदानी 'बंद' आहेत. आमच्या लेखी त्या बंद झालेल्या नाहीत, नुसत्या सोडून दिलेल्या आहेत.

7 मे 2022 रोजी डोंबिवलीजवळच्या सांदप येथील खदानीत एकाच कुटुंबातील पाच जण बुडाले. त्यात दोन महिला व तीन मुले होती. ही माणसे मौजमजेला गेलेली नव्हती, कपडे धुवायला गेली होती. एक जण पाण्यात ओढला गेल्यावर बाकीचे त्याला वाचवायला धावले आणि कोणीच परत आले नाही. परवा या घटनेला तीन वर्षे पूर्ण होतील. त्या वेळी सगळीकडून एकच गोष्ट सांगितली गेली, की आता प्रत्येक बंद खदानीचा बंदोबस्त होईल. आमच्या पाड्यालगतच्या खदानीत आज काय स्थिती आहे, हे सांगण्यासाठी हे निवेदन आहे.

1. मुख्य मागणी : पाणी भरलेल्या खदानीचा काठ

डंपर खाली उतरावेत म्हणून खदानीत एका बाजूने उतार कापलेला होता. तो आता पाण्याखाली आहे. वरचे टोक तेवढे उघडे आहे. संपूर्ण खदानीत बसण्याजोगी सपाट जागा तेवढीच असल्याने आमच्या बायका तिथेच धुणे धुतात. त्या उतारावर क्रशरची डस्ट साचून तिचा गुळगुळीत थर झाला आहे. कोरडा असताना तो सिमेंटसारखा दिसतो, ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. पहिल्या दोन-चार पावलांना पाणी घोट्याएवढे, पुढे गुडघ्याएवढे लागते. तिथून पुढे उताराची कड संपते आणि खाली सरळ तुटलेला कातळ आहे. कड कुठे संपते हे हिरव्या, गढूळ पाण्यात वरून दिसत नाही.

सुरुंग लावून फोडलेल्या या कातळाला ना टप्पा आहे, ना पायरी, ना धरायला खाच. नदीला उतरता काठ असतो, विहिरीला पायऱ्या किंवा निदान दोर असतो. खदानीत पडलेल्या माणसाला पोहता येत असले तरी त्याने हात कुठे टाकायचा? घट्ट कातळात पाणी फारसे जिरत नाही. चार महिने पडलेला पाऊस तिथेच साठतो आणि ऐन मे महिन्यातही माणूस बुडेल एवढा शिल्लक राहतो. गावातल्या विहिरी आटतात त्या दिवसांत खदान भरलेली असते, म्हणून त्याच दिवसांत तिथे सर्वांत जास्त गर्दी असते.

गेल्या उन्हाळ्यात वाहत चाललेली बादली धरायला पुढे गेलेल्या एका मुलीला तिच्या चुलतीने केसांना धरून मागे ओढले. ती मुलगी आज शाळेत जाते आहे, म्हणून हा प्रसंग कुठल्याही नोंदवहीत नाही. आम्ही तो त्याच आठवड्यात लेखी कळवला होता. पोच आमच्याकडे आहे, उत्तर नाही.

महोदय, यावर आम्हाला दरवेळी कुंपणाचे आश्वासन मिळाले. पहिल्या निवेदनानंतर लोखंडी खांब उभे राहिले, तार आली नाही. पुढे खांबही राहिले नाहीत. दुसऱ्या निवेदनानंतर धोक्याचा फलक लागला. त्यावरची अक्षरे आता वाचता येत नाहीत. तिसऱ्या वेळी दिवाळीनंतर स्थळपाहणी करू असे सांगण्यात आले, मग मार्चअखेरीची कामे आटोपल्यावर, आणि आता निधीची तरतूद झाल्यावर. मधल्या काळात एका कार्यालयाने जमीन खासगी आहे म्हणून दुसरीकडे पाठवले, दुसऱ्याने खनिजाचा विषय आपला नाही म्हणून तिसरीकडे पाठवले, आणि तिसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे. परवाना देताना अधिकार कोणाचा, असा प्रश्न कोणाला पडला नव्हता.

कुंपण हवेच आहे. पण नुसत्या कुंपणाने माणसे वाचणार नाहीत, हे आम्ही येथे राहत असल्यामुळे ठामपणे सांगू शकतो. घरच्या नळाला रात्री-अपरात्री पाणी येते आणि चार हंडे भरेपर्यंत जाते. टँकरचे पाणी पिण्यापुरते असते. अंथरूण-पांघरूण, लहान मुलांचे कपडे, लग्नघरचे धुणे कुठे न्यायचे? जोवर नळ कोरडा आहे तोवर बाई तार वाकवून आत जाईल. 2015 मध्ये या भागातील 27 गावांचा महापालिकेत समावेश झाला, त्याला दहा वर्षे होत आली आणि आमच्या आया-बहिणींना आजही धुण्यासाठी खदानीच्या काठावर बसावे लागते, याची आम्हाला चीड आहे. म्हणून आमची मागणी पुढील क्रमाने आहे आणि हा क्रम बदलू नये अशी विनंती आहे :

(अ) पाड्यात, वस्तीच्या बाजूला, नळ व पाण्याची टाकी असलेला धुण्याचा ओटा पावसाळ्यापूर्वी बांधून द्यावा. हे काम झाल्याशिवाय बाकीच्या कोणत्याही उपायाचा उपयोग नाही.

(आ) पाण्याची पातळी सर्वांत खाली असते ते हेच दिवस आहेत. आताच पंप लावून पाणी उतरवावे आणि बुडालेल्या उतारावरची डस्ट काढून टाकावी.

(इ) वस्तीच्या बाजूचा उभा कडा टप्प्याटप्प्याने कापून त्याला उतार द्यावा. खदानीच्या माथ्यावर काढून टाकलेला मुरूम आणि डबर अजून तिथेच पडून आहे. तो अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे काठाशी भरून दाबावा, म्हणजे बाहेरून भराव आणण्याचा खर्च वाचेल.

(ई) सुरुंगांनी खिळखिळ्या झालेल्या कड्यांवरचे सुटे दगड काढावेत. पहिल्या जोरदार पावसात भेगांत पाणी शिरते आणि दगड सुटतात, हे आम्ही दरवर्षी पाहतो.

(उ) त्यानंतर पक्के कुंपण, चारही बाजूंना फलक, काठावर दोर व ट्यूब, आणि अग्निशमन दलाची गाडी पोहोचेल असा रस्ता करावा. सध्याच्या वाटेवर मोठी गाडी वळत नाही.

खर्चाचे कारण यापुढे सांगितले जाऊ नये. ज्याने दगड नेला त्याच्याकडून वसुली करावी. तो सापडत नसेल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणबाधितांसाठीच आहे, आणि आमच्याइतके बाधित दुसरे कोण? नागपूर जिल्ह्यात सावनेरजवळ वेस्टर्न कोलफील्ड्सने खाणीच्या परिसरात इको पार्क उभारले आहे. आम्ही बाग मागत नाही. पाण्यात पडलेल्या माणसाला बाहेर येता यावे, एवढा काठ मागतो आहोत.

2. डस्टचे ढीग

बंद क्रशरजवळचे ढीग उघडे आहेत. उन्हाळ्यात धूळ घरात येते, पावसाळ्यात तिचा गाळ नाल्यात व भातखाचरांत उतरतो. ढीग उचलावेत किंवा मातीने झाकून त्यांच्याभोवती चर खणावा.

3. मलबा व अनोळखी कचरा

खदान बुजवण्याच्या नावाखाली रात्री मलब्याच्या गाड्या रिकाम्या होतात. 2014 मध्ये वालधुनी नदीत रसायन सोडले गेले तेव्हा शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला होता. औद्योगिक वसाहतीच्या इतक्या जवळ उघडे खड्डे ठेवणे हे तसले रसायन टाकणाऱ्या टँकरना दिलेले आमंत्रण आहे. रात्रीची गस्त सुरू करावी. तपासणीशिवाय कोणताही भराव टाकू देऊ नये.

4. यादी व नकाशा

तालुक्यातील सर्व बंद खदानींची खोली, मालकी व जबाबदार अधिकारी यांची यादी प्रत्येक प्रभाग कार्यालयात लावावी.

5. झाडे

काम पूर्ण झाल्यावर स्थानिक जातींची झाडे लावून तीन वर्षे निगराणी ठेवावी.

महोदय, यापुढे तोंडी आश्वासन स्वीकारण्याच्या मनःस्थितीत आम्ही नाही. स्थळपाहणीची तारीख आठ दिवसांत लेखी कळवावी. पाहणीला सर्व संबंधित विभागांचे अधिकारी एकाच वेळी उपस्थित असावेत, म्हणजे अखत्यारीचा प्रश्न तिथेच, खदानीच्या काठावर, मिटेल. आमच्यातल्या धुणे धुणाऱ्या बायका त्या दिवशी हजर राहतील. उतार कुठे संपतो हे त्याच आपल्याला दाखवतील.

मुदतीत उत्तर न आल्यास आम्हाला कार्यालयासमोर धरणे धरावे लागेल. ती वेळ आपण आणू नये, ही नम्र विनंती. आणि या पावसाळ्यात खदानीत कोणाचा जीव गेला, तर धोका माहीत नव्हता असे कोणालाही म्हणता येऊ नये, म्हणून या निवेदनाच्या प्रत्येक पानावर पोच द्यावी.

कळावे,

आपले विश्वासू,
पाड्यातील व परिसरातील रहिवासी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

सोबत : खदानीची छायाचित्रे, यापूर्वीच्या निवेदनांच्या पोचची प्रत.

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : स्थानिक लोकप्रतिनिधी, पोलीस ठाणे, अग्निशमन केंद्र.