निराधारांचे अर्ज आणि निर्णयाचें कारण

भात, चिकू व पानवेल यांची चर्चा करणाऱ्या मासिकांत सरकारी अनुदानाच्या अर्जांचा विषय कशाला, असें कित्येक वाचकांस वाटेल. त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पालघर, बोईसर, तारापूर आणि पूर्वेस मनोरपर्यंतच्या आपल्या पट्ट्यांत ज्या हातांनीं आपलीं भातें लावलीं व कापलीं, ते हात आतां थकले आहेत. त्यांपैकीं कोणाजवळ गुंठाभर जमीन नाहीं, तर कोणाची आहे ती पोटास पुरत नाहीं. आपल्याच भाऊबंदांतील एखादी विधवा किंवा अपंग मनुष्यही याच रांगेंत उभा असतो. अशा लोकांचा अर्ज कोण ठरवितो, कशावरून ठरवितो, आणि फेटाळला तर कां फेटाळला हें त्यांस कळतें कीं नाहीं, हा प्रश्न खातेदाराच्या उंबऱ्याबाहेरचा नव्हे. आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. अशा अर्जांचे गठ्ठे आम्हीं बांधले आणि सोडले. त्यावरून आमचें जें मत बनलें तें येथें मांडतों.

प्रथम व्यवस्था काय आहे तें थोडक्यांत सांगूं. वार्धक्य, आजार, अपंगत्व व बेकारी यांत लोकांस साहाय्य मिळण्याची तजवीज राज्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें करावी, असें राज्यघटनेच्या ४१ व्या कलमांत म्हटलें आहे. महाराष्ट्रांत १९८० सालीं संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. पासष्ट वर्षांखालील विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर रोगानें जर्जर झालेले, असे निराधार लोक तिच्यांत येतात. त्यापुढील वयाच्या वृद्धांसाठीं श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. दरमहाची रक्कम २०१९ सालीं ६०० रुपयांवरून १,००० रुपये झाली, आणि जुलै २०२३ पासून ती १,५०० रुपये करण्यांत आली. अर्ज तहसील कचेरींत दाखल होतो. गांवचा तलाठी, ज्यास अलीकडे ग्राम महसूल अधिकारी असें नांव मिळालें आहे, तो चौकशी करून अहवाल देतो. वय, उत्पन्न आणि महाराष्ट्रांतील पंधरा वर्षांचा रहिवास यांचा पुरावा पाहिला जातो. शेवटीं तालुक्याची समिती तो अर्ज मंजूर किंवा नामंजूर करते. तींत बिनसरकारी सभासद असतात व तहसील कचेरीचा अंमलदार सचिवाचें काम पाहतो.

या घडणीस आमचा विरोध नाहीं. कोण खरोखर निराधार आहे हें मुंबईंत बसून कळत नाहीं. तें तालुक्यांतच कळावयाचें. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, निर्णय ज्या शब्दांत अर्जदाराच्या हातीं पडतो, किंवा पुष्कळदां पडतच नाहीं, तेथें सर्व व्यवस्थेचें पाणी मुरतें. अर्जदारास कळतो तो एकच शब्द: नामंजूर. तोही बहुधा तोंडी, खिडकींतून, दोन-तीन हेलपाटे घातल्यावर.

आतां या एका शब्दाच्या पोटांत किती निरनिराळीं कारणें असूं शकतात तें पाहा. वयाचा कागद जोडलेला नसेल. त्याला उपाय सरकारी रुग्णालयाचा वयाचा दाखला. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली असेल; तो नवा काढला कीं काम होईल. रहिवासाचा पुरावा अपुरा असेल. त्यास शिधापत्रिका, मतदारयादी यांचा आधार शोधावा लागेल. अपंगत्वाचा दाखला चाळीस टक्क्यांखालचा असेल. तेथें फेरतपासणीवांचून मार्ग नाहीं. बँकेंतील खात्यास आधार क्रमांक जोडलेला नसेल; मग तहसील कचेरींत कितीही खेपा घातल्या तरी व्यर्थ, कारण काम बँकेंत आहे. किंवा अर्जदार नियमानें खरोखरच अपात्र असेल; मग त्यानें आशा सोडून दुसरी वाट पाहावी हेंच हिताचें. सहा कारणें, सहा वाटा. ज्यास कारण सांगितलें नाहीं तो कोणत्या वाटेनें जाणार? तो मजुरी बुडवून पुन्हा त्याच खिडकीशीं येतो, नाहीं तर "साहेबांस सांगून करून देतों" असें म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या हातीं लागतो. न सांगितलेलें कारण हेंच त्या मध्यस्थाचें भांडवल होय.

यांत सर्वांत अवघड कारण उत्पन्नाचें. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपेक्षां अधिक नसावें अशी अट आहे. अपंगांसाठीं ती मर्यादा ५०,००० रुपये आहे. २०२३ सालीं अनुदानाची रक्कम वाढली, परंतु २१,००० चा आंकडा जागचा हलला नाहीं. हिशेब करून पाहा. वर्षास २१,००० म्हणजे महिन्यास १,७५० रुपये, आणि तेही एका माणसाचे नव्हेत, साऱ्या कुटुंबाचे. २०२४-२५ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसास २९७ रुपये होता. या दरानें एकाहत्तर दिवस काम मिळालेल्या कुटुंबाची कमाई २१,०८७ रुपये होते. शंभर दिवसांच्या कामाची हमी कायद्यानें ज्या कुटुंबास दिली, त्यास ती पुरी मिळाली तर त्याच वर्षीं तें निराधार राहत नाहीं! अशी मर्यादा कडक पाळली तर खरे गरजवंत बाहेर राहतात. न पाळावी तर तलाठ्यास लेखणी खोटी चालवावी लागते. दोन्हींकडून सचोटीस धक्का बसतो.

त्यांतच मुलाचा प्रश्न येतो. समजा, मनोरकडील एका खेड्यांत विधवा आई एकटी राहते आणि मुलगा तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत ठेकेदाराकडे कामास असून बोईसरला भाड्याच्या खोलींत बायकामुलांसह राहतो. मुलगा आईस कांहीं देतो कीं नाहीं, तो एकत्र कुटुंबांतला धरावा कीं विभक्त, हें केवळ कागदावरून ठरत नाहीं. समिती जें ठरवील तें ठरवो. परंतु "मुलाची मिळकत धरली आहे" एवढें जर लेखी कळलें, तर बाईस शिधापत्रिका वेगळी असल्याचें दाखवितां येईल, शेजाऱ्यांचा जबाब देतां येईल. तें न कळल्यास ती आपल्या वयाचाच कागद घेऊन वर्षभर फिरत राहील.

असा पेंच आपल्याच वाट्यास आला आहे असें मात्र नाहीं. आयर्लंड देश आपल्यासारखाच शेतकऱ्यांचा. तेव्हां तो इंग्रजांच्या अमलाखालीं होता, आणि १९०८ च्या कायद्यान्वयें तेथें १ जानेवारी १९०९ पासून सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांस आठवड्यास पांच शिलिंगपर्यंत निवृत्तिवेतन मिळूं लागलें. चौकशी सरकारी अंमलदारानें करावी, निर्णय स्थानिक समितीनें द्यावा, आणि तो न पटल्यास वरिष्ठ मंडळाकडे दाद मागावी, अशी व्यवस्था होती. अडचण आली ती वयाची. त्या देशांत सर्व जन्मांची सरकारी नोंद १८६४ पासूनच सुरू झालेली. म्हणजे १९०९ सालीं सत्तरी ओलांडलेल्या एकाही माणसाजवळ जन्माचा सरकारी दाखला नव्हता. तेव्हां ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीं झालेलें प्रचंड वादळ उपयोगी पडलें. तें वादळ आठवतें असें जो सांगे त्याचें वय सत्तरीच्या वर धरण्यास आधार मिळे. कांहीं लबाडी झाली असेल; पण निर्णय देणारांनीं निरक्षर म्हाताऱ्याच्या आठवणीस पुराव्याची जागा दिली, ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे जन्ममृत्यूंच्या नोंदणीचा कायदा १९६९ चा. ज्यांचा जन्म त्यापूर्वीं पाड्यावर झाला, त्यांच्यापैकीं कित्येकांच्या आधारपत्रावर १ जानेवारी हीच जन्मतारीख आढळते. याचा अर्थ ती कोणीतरी अंदाजानें घातली आहे. अशा म्हाताऱ्यास साल विचारून उपयोग नाहीं. "तारापूरचें अणुवीज केंद्र चालू झालें तेव्हां तूं गुरें राखीत होतास कीं नांगर धरीत होतास?" असें विचारा. तें केंद्र १९६९ सालचें. गुरें राखणारा तेव्हां आठ-दहा वर्षांचा, नांगर धरणारा पंधरा-सोळांचा. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या अंदाजाइतकाच हाही अंदाज भरंवशाचा असतो, आणि दोन्ही जुळले तर शंकेस जागा उरत नाहीं.

आयरिश कायद्यांतील दुसरी गोष्ट पायऱ्यांची. वर्षाची मिळकत २१ पौंडांपर्यंत असेल तर पूर्ण पांच शिलिंग; त्यापुढें चार, तीन, दोन, एक असें उतरत जाऊन साडेएकतीस पौंडांवर कांहीं नाहीं. आपल्याकडे २०,९०० वाल्यास सर्व आणि २१,१०० वाल्यास शून्य. जेथें कड्याच्या टोंकावर निर्णय असतो तेथें माणूस खोटें बोलतो. जेथें उतार असतो तेथें खरें सांगण्यास धजतो.

आज त्या देशांत स्थानिक समित्यांची जागा नेमलेल्या निर्णय-अधिकाऱ्यांनीं घेतली आहे. प्रत्येक अर्जाचा निर्णय लेखी कळविला जातो, आणि तो मान्य नसल्यास अपिलाचे अधिकारी निराळे आहेत; पहिला निर्णय देणाराच दुसऱ्यानें निर्णय देत नाहीं. यांतलें लेखी कारण तरी आपणांस परक्याकडून उसनें आणावें लागत नाहीं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमांतच सांगितलें आहे कीं, सरकारी कचेरीनें आपल्या निर्णयाचीं कारणें तो ज्यास लागू होतो त्यास द्यावींत. महाराष्ट्राचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदाही अधिसूचित सेवांपुरता हेंच म्हणतो: अर्ज नाकारावयाचा तर कारण लेखी द्यावें, व अपील कोठें करावें तें सांगावें. कायदा आहे, उणीव आहे ती वहिवाटीची.

यावर आक्षेप येतील तेही पाहूं. कारकून म्हणेल, एवढीं कारणें लिहावयास वेळ कोठें आहे? आमचें उत्तर असें कीं, कारण एका ओळींत मावतें. आणि जें कारण एका ओळींत लिहितां येत नाहीं तें कारणच नसण्याचा संभव अधिक. शिवाय एक ओळ लिहिण्यास जो वेळ लागतो त्याच्या कित्येक पट वेळ त्याच अर्जदारास पांच वेळां परत पाठविण्यांत जातो. दुसरा आक्षेप असा कीं, कारण कळलें तर लबाड लोक तेवढाच कागद बनवून आणतील. लबाडाला कारण आधींच ठाऊक असतें. तें विकत घेण्याची त्याची ऐपत असते. अंधारांत राहतो तो प्रामाणिक.

आतां दोन शब्द आम्हां खातेदारांविषयीं. सातबारा मुलांच्या नांवें करून म्हाताऱ्यांस निराधारांच्या यादींत बसविण्याची युक्ति कोठें कोठें चालते, हें सर्वांस ठाऊक आहे. वेतनासाठीं मुद्दाम टाकून दिलेली मालमत्ता अर्जदाराचीच धरावी, असें १९०८ च्या त्या कायद्यांत स्पष्ट लिहावें लागलें होतें. यावरून ही खोड जुनी व सर्वदूरची दिसते. पण जुनी म्हणून ती क्षम्य ठरत नाहीं. अशा एका अर्जामुळें समितीचा संशय वाढतो, आणि त्या संशयाचा फटका शेजारच्या पाड्यावरील भूमिहीन म्हातारीस बसतो. आपण जें घेतों तें तिच्या ताटांतून घेतों.

उलट, आपल्या हातून होण्यासारखें पुष्कळ आहे. ज्या मजुरानें आपल्या शेतावर वीस-पंचवीस वर्षें काम केलें, त्याच्या रहिवासाचा व अंदाजी वयाचा खरा जबाब सही करून देण्यास कांहीं खर्च येत नाहीं. तलाठी चौकशीस येईल तेव्हां पंच म्हणून आपणच बसतों. तेथें जें माहीत आहे तें सांगावें, माहीत नाहीं तें सांगूं नये. आपल्या संस्थेनेंही महिन्यांतून एक दिवस एक जाणता सभासद बसवून अर्ज लिहून द्यावे, नामंजूर झालेल्यांच्या वतीनें कारणाची लेखी मागणी करावी, आणि दरवर्षीं लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याची आठवण द्यावी. समितीकडे आमची मागणी तीनच गोष्टींची आहे: बैठकीची तारीख आधीं लागावी, प्रत्येक नामंजूर अर्जापुढें एक ओळ कारण असावें, आणि ती ओळ अर्जदारास वाचून दाखवून तिची नक्कल त्याच्या हातीं द्यावी.

सरकारी तिजोरी सर्वांस पुरणार नाहीं, हें आम्ही जाणतों. कोणास तरी नाहीं म्हणावेंच लागेल. पण ज्यास नाहीं म्हणावयाचें त्यास तें कां, एवढें सांगणें हें दान नव्हे. तें देणें आहे, आणि तें चुकतें करण्यास तिजोरींतून एक पैसाही लागत नाहीं.