खेळाचे नाणे चलनात हवे

मोठ्या क्रीडास्पर्धेनिमित्त नाणे काढायचे म्हटले की आक्षेप ठरलेला: हा पैसा मैदानांवर आणि खेळाडूंवर खर्च करा. ऐकायला तो बिनतोड वाटतो, पण हिशेबात टिकत नाही. 1984च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी अमेरिकेने चांदीच्या डॉलरवर 10 आणि सोन्याच्या नाण्यावर 50 डॉलर अधिभार घेतला. त्यातून ऑलिंपिकच्या कामासाठी 7 कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. त्याच अमेरिकेत अटलांटा स्पर्धेसाठी 1995 आणि 1996 या दोन वर्षांत 16 वेगवेगळी नाणी काढली गेली, बाजार नाण्यांनी तुंबला आणि अखेर वर्षाला दोनच स्मारक-योजनांची मर्यादा कायद्याने घालावी लागली, हेही खरे. टीकाकारांचा हा दाखला मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून दोष सिद्ध होतो तो संग्राहकांच्या खिशावर डोळा ठेवून नाण्यांचा रतीब घालण्याचा.

म्हणूनच माझा आग्रह दर्शनी किमतीला मिळणाऱ्या, रोजच्या व्यवहारात फिरणाऱ्या नाण्याचा आहे. 1982च्या दिल्ली आशियाई स्पर्धेचे 25 पैशांचे नाणे आठवा: एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, दुसऱ्या बाजूला जंतरमंतर आणि त्यावर तळपणारा सूर्य. ज्याला दिल्लीला जाणे परवडणारे नव्हते, त्याच्याही हातात वाण्याने परत केलेल्या सुट्ट्या पैशांतून ही स्पर्धा पोहोचू शकत होती. मखमली पेटीतल्या चांदीच्या नाण्याला हे कधीच साधणार नाही. लंडनने 2012 साठी 50 पेन्सची 29 नाणी काढली. फुटबॉलच्या नाण्यावर चक्क ऑफसाइडचा नियम आकृती काढून समजावला होता आणि अ‍ॅथलेटिक्सच्या नाण्यावरचे चित्र एका शाळकरी मुलीचे होते. लोकांनी ती सुट्ट्या पैशांतून शोधून जमवली.

नमुने वाढले की गोंधळ होतो, असेही म्हटले जाते. आपल्याकडे दहा रुपयांची नाणी दुकानदार नाकारू लागले, तेव्हा 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला सर्व 14 नमुने वैध असल्याचे जाहीर करावे लागले होते. पण लंडनच्या 29 नाण्यांचा सातकोनी आकार आणि वजन नेहमीच्या नाण्याचेच होते. आकार तोच ठेवावा आणि नव्या नाण्याचे चित्र प्रत्येक बँकेत, एसटी स्थानकात आधी लावावे; गोंधळाला जागा उरणार नाही.

2030च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत. सरकारने त्यासाठी दोन आणि पाच रुपयांची नाणी भरपूर पाडावीत, त्यांवर नेत्यांऐवजी खेळ दाखवावेत आणि चित्रांसाठी देशभरातल्या शाळकरी मुलांची खुली स्पर्धा आतापासूनच जाहीर करावी.