धूर पोलाद कारखान्याचा, बिल नट-बोल्टवाल्याला!

भोसरी, चाकण, सातपूर, अंबड, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील लघुउद्योजक व कामगार बंधू-भगिनींनो,

तुमच्यापैकी अनेकांच्या मेलवर एव्हाना एक एक्सेल शीट येऊन पडली असेल. पाठवणारा बहुधा तुमचा नेहमीचा निर्यातदार. वर्षभराची वीज किती, डिझेल किती, गॅस किती, तार कोणाकडून घेता, स्क्रॅप किती निघतो, असे रकाने. चार दिवसांत भरा, सही-शिक्का मारा, नाहीतर पुढची पीओ निघणार नाही. आणि अगदी खाली, बारीक अक्षरांत: माहिती चुकीची ठरल्यास होणारे सर्व नुकसान पुरवठादाराकडून वसूल केले जाईल.

पुष्कळजण सही करतात. गिऱ्हाईक तुटायची भीती, दुसरे काय! हे पत्रक त्या सहीबद्दल आहे.

ज्या कायद्याच्या नावाने ही शीट फिरते तो युरोपीय संघाचा. कार्बन सीमा समायोजन यंत्रणा हे त्याचे पूर्ण नाव, पण एमआयडीसीत सगळे त्याला ‘सीबॅम’च म्हणतात. मे २०२३ मध्ये तो मंजूर झाला. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती मागत होता, १ जानेवारी २०२६ पासून त्याचे मीटर सुरू झाले. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांपैकी काही युरोपात आणायचे, तर ते बनवताना जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत गेला त्याच्या हिशेबाने प्रमाणपत्रे विकत घ्यायची. त्यांची विक्री फेब्रुवारी २०२७ पासून, आणि २०२६ च्या आयातीचे विवरण ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत.

प्रमाणपत्रे कोणी घ्यायची? युरोपातल्या आयातदाराने. विवरण कोणी भरायचे? त्यानेच. चुकले तर दंड कोणाला? त्यालाच. भोसरीतल्या बोल्टवाल्याने एक युरो भरावा असे त्या कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. ही जबाबदारी आयातदार खरेदीच्या अटींतून निर्यातदाराकडे ढकलतो आणि निर्यातदार बारीक अक्षरांतून तुमच्याकडे. म्हणजे तुमच्या गळ्यात पडते ते ब्रुसेल्सचे कलम नाही, पुण्या-मुंबईतल्या पर्चेस खात्याने घातलेली अट आहे. आणि अट नाकारता येते, बदलून मागता येते.

आता त्या शीटमध्ये काय मागितले आहे ते बघू. बोल्ट कसा होतो हे तुम्हाला सांगायला नको. व्यापाऱ्याकडून वायर रॉडचे कॉइल येते, पिकलिंग होते, तार ओढली जाते, हेडरवर डोके बसते, थ्रेड रोलिंग होते, मग हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंगला माल बाहेर जॉबवर्कला जातो. या सगळ्यात तुमच्या शेडमधून निघणारा धूर किती? जवळपास सगळा कार्बन त्या तारेच्या पोलादात आधीच बसलेला असतो, शेकडो किलोमीटरवरच्या झोतभट्टीत कोक जळाला तेव्हाचा. कॉइलबरोबर मिलचे टेस्ट सर्टिफिकेट येते. त्यावर पोलादातला कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस सगळे टक्क्याच्या शतांश-सहस्रांशापर्यंत दिलेले असते. तेच एक टन पोलाद करताना हवेत किती टन वायू सोडला, याची मात्र एक ओळ नसते. व्यापाऱ्याला विचारा, तो हसतो. मिलला मेल टाका, महिन्याला दहा टन उचलणाऱ्याला कोण उत्तर देतो? मग तो आकडा तुम्ही आणायचा कुठून? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

आणि विजेची बिले कशाला? लोखंड-पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या वसुलीत सीबॅम फक्त थेट उत्सर्जन धरतो. विजेमागचे उत्सर्जन सिमेंट आणि खतांच्या बाबतीत मोजले जाते, पोलादाच्या नाही. तरी शीटमध्ये महावितरणच्या बारा महिन्यांच्या बिलांचा रकाना आहेच. अजाणतेपणी राहिला असेल, असे क्षणभर मानू. पण ज्याच्या हातात तुमची वीज, गॅस आणि उत्पादनाचे टन आले, त्याला तुमचा किलोमागचा खर्च पैशापर्यंत कळला. पुढच्या वेळी दर पाडून मागताना तो काय कार्बनवर बोलणार आहे?

मालाचा सीमाशुल्क कोड नंबर न बघताही शीट सरसकट पाठवली जाते आहे. नट, बोल्ट, स्क्रू ७३१८ मध्ये येतात, ते सीबॅमच्या यादीत आहेत. पाइप फिटिंग ७३०७, फोर्जिंगच्या बऱ्याच वस्तू ७३२६, त्याही आहेत. पण ओतीव लोखंडाच्या इतर वस्तूंचा ७३२५ हा कोड, ज्यात मॅनहोलची झाकणे येतात, यादीत नाही. इंजिन, पंप, ट्रॅक्टर यांचे सुटे भाग म्हणून चौऱ्याऐंशी आणि सत्त्याऐंशी प्रकरणांखाली जाणारे कास्टिंगही आज नाही. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने ही यादी भरपूर पोलाद-ॲल्युमिनियम लागणाऱ्या आणखी सुमारे १८० वस्तूंपर्यंत वाढवायचा प्रस्ताव मांडला आहे, हे खरे. पण प्रस्ताव म्हणजे कायदा नव्हे. शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याला आज त्याची भीती घालून ऑर्डर अडवणे ही निव्वळ दांडगाई आहे.

पन्नास टनांची सवलतही तुम्हाला कोणी सांगितली नसेल. ऑक्टोबर २०२५ च्या दुरुस्तीनंतर, जो आयातदार वर्षभरात सीबॅमखालचा एकूण ५० टनांपर्यंतच माल आणतो, त्याला या जंजाळातून सूट आहे. हे टन आयातदाराचे मोजायचे, तुमचे नाही. तुम्ही दोनच टन दिले पण घेणारा जर्मनीतला बडा वितरक असेल तर तुमचा माल हिशेबात येतो. लहान दुकानदार असेल तर त्याला तुमच्या आकड्यांची गरजच नाही. म्हणून पहिला प्रश्न तुम्ही विचारायचा, लेखी: साहेब, तुमचा आयातदार पन्नासच्या आत की बाहेर?

उलट बाजूने एक खोटा दिलासाही पसरवला जातो आहे: पहिल्या वर्षी फक्त अडीच टक्केच भरायचे आहेत, काळजी नको. युरोपातल्या पोलाद कारखान्यांना ठरावीक मापदंडापर्यंत फुकट परवाने मिळतात, तेवढी वजावट आयात मालालाही मिळते. २०२६ मध्ये त्या वजावटीतून अडीच टक्के कापले, २०३० मध्ये ४८.५ टक्के कापतील आणि २०३४ मध्ये ती शून्य होईल. मापदंडाच्या वरचे उत्सर्जन मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण आकारले जाते. भारतीय पोलादाची सरासरी टनामागे अडीच टन कार्बन डायऑक्साइडच्या आसपास आहे, म्हणजे मापदंडाच्या बरीच वर. आकडा दिलाच नाही तर युरोपने ठरवलेले ठोक मूल्य लागते, तेही २०२६ मध्ये १० टक्के, २०२७ मध्ये २० टक्के आणि २०२८ पासून ३० टक्के चढवून. थोडक्यात, शीट केराच्या टोपलीत टाकून हा प्रश्न सुटणार नाही. आमचे भांडण मोजण्याशी नाही. कोणी मोजायचे आणि कोणाच्या खर्चाने, याच्याशी आहे.

युरोपबद्दल काय बोलावे? दोनशे वर्षे कोळसा जाळून ज्यांनी कारखाने उभे केले, ते आता आमच्या हेडर मशीनच्या दारात धूर मोजायला बसले आहेत. हवामान करारांत ‘सामायिक पण भिन्न जबाबदारी’चे तत्त्व यांनीच सही करून मानले होते. इथून वसूल होणारा पैसा इथल्या भट्ट्या सुधारायला येणार नाही, तो त्यांच्याच तिजोरीत राहील. ब्रिटन १ जानेवारी २०२७ पासून आपला वेगळा सीबॅम आणतो आहे. जानेवारी २०२६ मध्ये भारत-युरोप व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्या म्हणून दिल्लीत पेढे वाटले गेले. त्यातही आपल्याला यातून सूट मिळालेली नाही.

पण युरोपला शिव्या घालून दिल्लीची सुटका होत नाही. दुसऱ्या देशात भरलेली कार्बनची किंमत सीबॅममधून वजा होते, हे त्याच कायद्यात आहे. म्हणजे इथे आकारले तर पैसा इथे राहतो. भारताची कार्बन क्रेडिट व्यापार योजना जून २०२३ मध्ये अधिसूचित झाली, आणि तरीही बोल्टवाल्याच्या हातात वजावटीचा एक कागद पडलेला नाही. कोळशावरचा टनामागे ४०० रुपयांचा उपकर सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी फेररचनेत गेला. युरोपने तो मानलाच असता असे नाही. पण भांडायला हातात काहीतरी होते. पोलाद मंत्रालयाने १२ डिसेंबर २०२४ रोजी हरित पोलादाची व्याख्या केली: टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन, आणि त्यावर तीन ते पाच तारे. म्हणजे पोलाद कारखान्यांचे आकडे मोजता येतात, हे सरकारला मान्य आहे. मग ते आकडे टेस्ट सर्टिफिकेटवर छापायची सक्ती का नाही?

आमची पहिली मागणी हीच. देशातल्या प्रत्येक पोलाद कारखान्याने हीट नंबरबरोबर टनामागचे उत्सर्जन छापावे, आणि व्यापाऱ्याने ते जसेच्या तसे पुढे द्यावे. दुसरी मागणी राज्य सरकारकडे. प्रत्यक्ष आकडे वापरायचे तर मान्यताप्राप्त पडताळणी लागते, ती मान्यता युरोपीय देशांच्या संस्थांकडून, आणि पडताळणीकाराने सुरुवातीला कारखान्यात येऊन पाहायचे. वीस माणसांच्या शेडला हा खर्च झेपणार नाही. प्रत्येक एमआयडीसीत सामायिक पडताळणीची सोय करा, भारतीय मान्यता मंडळाची मोहर युरोपने स्वीकारावी म्हणून केंद्राच्या मागे लागा, आणि खर्चाचा मोठा वाटा उचला.

आणि मित्रहो, तोपर्यंत एवढे कराच. कोड नंबर आणि पन्नास टनांचा खुलासा लेखी आल्याशिवाय शीट भरू नका. नुकसानभरपाईच्या ओळीवर काट मारून, खोडलेल्या जागी सही करून परत पाठवा. तारेचे उत्सर्जन या रकान्यात अंदाजाने आकडा घालू नका. ‘मिलने माहिती दिलेली नाही’ असे लिहा आणि मिलला पाठवलेल्या मेलची प्रत जोडा. आकडे द्यायचेच झाले तर युरोपीय आयोगाच्या सीबॅम नोंदवहीत परदेशी कारखान्याला स्वतः नोंदणी करता येते, तिथे भरा. कोणाला काय दाखवायचे ते मग बरेचसे तुमच्या हाती राहते. एकट्याने नकार दिला तर पीओ शेजारच्या शेडकडे जाईल, म्हणून आधी शेजारच्या शेडमध्ये जा. हे पत्रक त्याला वाचायला द्या आणि उत्तर एकाच मजकुराचे, एकाच दिवशी पाठवा.