इतिहास शिकून पोट भरेल काय?

सिडनी शहराच्या पश्चिमेस असलेले ब्लॅकटाउन हे कष्टकरी आणि नोकरदार माणसांचे गाव आहे. २०२१ च्या खानेसुमारीत या नगरपालिकेच्या हद्दीतील वस्ती चार लाखांच्या घरात होती, आणि तीत भारत, फिलिपाइन्स, फिजी अशा देशांतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने होती. आपल्या बेटावरून ऑस्ट्रेलियात गेलेल्या घरांनाही या भागाचे नाव नवे नसावे. तेथील आईबापांनी मुलांसाठी मनाशी धरलेली यादी आपल्या ओळखीचीच आहे : डॉक्टर, परिचारिका, हिशेबनीस, संगणकतज्ज्ञ. अशा घरातील मुलगा किंवा मुलगी इतिहास, तत्त्वज्ञान किंवा साहित्य घेऊन पदवीधर होते आणि पुढे पीएच.डी. करीन म्हणते, तेव्हा घरात एकदम शांतता पसरते. मग कोणीतरी विचारतेच : इतिहास शिकून पोट भरेल काय?

हा प्रश्न केवळ परदेशी गेलेल्यांचा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये खुद्द महाराष्ट्राच्या विधान परिषदेत, संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीची चर्चा चालू असताना, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी ही मुले पीएच.डी. करून काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला होता. त्यावर विद्यार्थ्यांनी संताप व्यक्त केला आणि तो रास्तच होता. तथापि घरातील वडीलधारी माणसे हाच प्रश्न काळजीपोटी विचारतात. त्यांना संतापाने उत्तर देऊन भागत नाही, हिशेब मांडून दाखवावा लागतो. तो हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

प्रथम पैशाची बाजू पाहू. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये एक कायदा संमत केला. पदवीधरांना नोकरीसाठी तयार करणे हा त्याचा सांगितलेला हेतू होता. त्यानुसार २०२१ पासून इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र अशा विषयांसाठी विद्यार्थ्याने भरावयाचा वाटा वर्षाला सुमारे ६,८०० डॉलरांवरून १४,५०० डॉलरांवर गेला. उलट शिक्षकी पेशा, परिचर्या, गणित यांची फी ३,९५० डॉलरांपर्यंत खाली आणली गेली. २०२५ साली कलाशाखेचा हाच वाटा १६,९९२ डॉलर होता, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला पन्नास हजारांहून अधिक. सरकारने नेमलेल्या विद्यापीठविषयक समितीने फेब्रुवारी २०२४ च्या अंतिम अहवालात ही पद्धत बदलावी अशी शिफारस केली होती, तरी २०२५ मध्ये फी चढीच राहिली. त्या वर्षी सरकारने विद्यार्थ्यांच्या जुन्या कर्जात २० टक्के सूट दिली, परंतु नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग नाही.

या कायद्यातील एक बारकावा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. इंग्रजी साहित्य आणि परभाषा हे विषय स्वस्त गटात ठेवलेले आहेत, आणि फीची आकारणी पदवीच्या नावावर न होता एकेका विषयावर होते. त्यामुळे इतिहासाचा विद्यार्थी जोडीला भाषा घेईल, तर त्याच्या फीचा बोजा काहीसा हलका होतो. दुसरा बारकावा नागरिकत्वाचा. फीची रक्कम सरकारी कर्जाने भरून, मिळकत ठराविक मर्यादेवर गेल्यानंतर फेडण्याची सवलत मुख्यत्वे नागरिकांना आहे. कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या, परंतु नागरिक न झालेल्या कुटुंबाला सरकारी अनुदानाची जागा मिळते, मात्र फी रोख भरावी लागते. नुकत्याच स्थिरावलेल्या घराला हा फरक जड जातो.

आता पदवीनंतरचे पाहू. येथे सर्वसाधारण समजूत फसते. जितके वर जावे तितका खर्च वाढतो, असे आपण धरून चालतो. ऑस्ट्रेलियात तसे नाही. मधली पायरी, म्हणजे वर्गात बसून करावयाची एम.ए.सारखी पदवी, बहुधा पूर्ण फी भरून करावी लागते. त्यावरची पायरी, म्हणजे संशोधनाची पदवी, देशातील विद्यार्थ्याला सहसा फी न भरता करता येते. सरकारच्या संशोधन-प्रशिक्षण योजनेतून पीएच.डी.ची फी चार वर्षांपर्यंत माफ होते, आणि या बाबतीत नागरिक व कायम रहिवासी असा भेद केला जात नाही. पदवीनंतर एका वर्षाचा ऑनर्सचा अभ्यास करून उत्तम श्रेणी मिळविली, तर निर्वाहवेतनासाठीही अर्ज करता येतो. काही विद्यापीठांत ऑनर्सऐवजी दोन वर्षांची संशोधनपर मास्टर्स पदवी असते.

निर्वाहवेतन मिळाले तरी चैन होत नाही. २०२५ साली त्याचा किमान दर वर्षाला ३३,५११ डॉलर होता. पूर्ण वेळ शिकणाऱ्याला त्यावर कर नाही हे खरे. परंतु त्याच वर्षीच्या जुलैपासून ऑस्ट्रेलियातील किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर झाले, म्हणजे पूर्ण वेळ काम करणाऱ्या साध्या कामगाराला वर्षाला ४९ हजारांहून अधिक मिळू लागले. साडेतीन-चार वर्षे संशोधन करणारा मुलगा त्या कामगारापेक्षा पुष्कळ कमी पैशांत राहणार, आणि तेही सिडनीच्या भाड्याच्या घरांत. जो आईबापांकडे ब्लॅकटाउनला राहू शकतो, त्याला हे झेपते. म्हणजे घराने एक खोली आणि दोन वेळचे जेवण दिले, की शिष्यवृत्तीत घराचीही भर पडलीच. ही गोष्ट मुलांनी विसरू नये.

बेटावरून थेट जाणाऱ्या विद्यार्थ्याचा हिशेब याहून वेगळा आहे. २०१९ पासून आपल्याकडील सरकारी विद्यापीठांत पहिल्या पदवीला फी नाही. अशी पदवी घेऊन परदेशी फी भरून एम.ए. करण्यास जाणे हा मोठा धोका आहे. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी-परवान्याचे शुल्कच २०२४ च्या जुलैमध्ये १,६०० डॉलर आणि २०२५ च्या जुलैमध्ये २,००० डॉलर झाले. फीमाफी व निर्वाहवेतन यांचे पत्र हाती आल्यावाचून कोणी जमीन गहाण टाकून मुलाला या विषयासाठी पाठवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पैशानंतर नोकरीची बाजू. येथे गोड बोलून काही साधणार नाही. विद्यापीठातील कायम जागा मोजक्या आहेत आणि त्या कमी होत आहेत. पश्चिम सिडनीच्या कष्टकरी वस्तीतील मुलांसाठी १९८९ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न सिडनी विद्यापीठानेच २०२५ मध्ये शेकडो पदे कमी करण्याचा प्रस्ताव मांडला. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल विद्यापीठात त्याच वर्षी मानव्यविद्या संशोधन केंद्र आणि राष्ट्रीय शब्दकोश केंद्र यांच्यावर कुऱ्हाड चालविण्याचे प्रस्ताव आले. महाराष्ट्रात पीएच.डी. झालेली माणसे वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवितात, आणि ऑस्ट्रेलियातही सत्रापुरते, तासांच्या हिशेबाने शिकविणारे असंख्य आहेत. म्हणून पीएच.डी. म्हणजे प्राध्यापकपद असे समीकरण ज्याने मनात धरले असेल, त्याने आताच ते सोडून द्यावे. शाळेतील अध्यापन, दप्तरखाने, संग्रहालये, भाषांतर, सरकारी धोरणाचे काम अशा वाटा आहेत. त्यांपैकी एकीची तयारी संशोधन चालू असतानाच करावी लागते. पदवीधराला शाळाशिक्षक होण्यासाठी दोन वर्षांची अध्यापनाची मास्टर्स पदवी पुरते, आणि न्यू साउथ वेल्समध्ये शिक्षकांचा तुटवडा असल्याचे सर्वश्रुत आहे.

एवढे सर्व पाहिल्यावर कोणी म्हणेल, मग नको तो इतिहास. येथेच आम्ही वाचकांना थोडे थांबावयास सांगतो.

ज्या गावाविषयी आपण बोलत आहोत, त्याचे नावच पाहा. आदिवासी मुलांना आईबापांपासून दूर ठेवून शिकविण्यासाठी गव्हर्नर मॅक्वारी यांनी पॅरामॅटा येथे काढलेली संस्था १८२३ मध्ये ज्या जागी हलविण्यात आली, तिला गोऱ्यांनी ‘ब्लॅक टाउन’ म्हटले. त्यावरून पुढे गावाचे नाव पडले. त्या संस्थेत मरिया नावाची डारुग जमातीची मुलगी होती. १८१९ च्या परीक्षेत शंभराच्या आसपास गोऱ्या मुलांना मागे टाकून पहिले बक्षीस मिळविणारी मुलगी हीच, असे मानले जाते. मरिया लॉक या नावाने तिने १८३१ मध्ये आपल्या मृत भावाला मिळालेल्या जमिनीसाठी गव्हर्नरकडे अर्ज केला, आणि १८४३ मध्ये ती जमीन मिळविली. ही हकीकत आज सांगता येते, कारण कोणीतरी दप्तरात बसून ते कागद वाचले. २०१८ मध्ये त्या संस्थेची जागा डारुग लोकांना परत देण्यात आली. यात त्यांच्या चिकाटीचा वाटा मोठा, परंतु स्मृतीच्या पाठीशी कागद उभा असला म्हणजे दावा बळकट होतो.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. फिजीतील लाबासाजवळ १९५२ मध्ये जन्मलेले ब्रिज लाल हे गिरमिटियाचे नातू. त्यांनी १९८० मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल विद्यापीठातून इतिहासाची पीएच.डी. मिळविली. कलकत्त्याहून फिजीला नेलेल्या मजुरांचे सुमारे ४५,००० परवाने त्यांनी एकेक करून तपासले. गिरमिटिये म्हणजे समाजाचा गाळ आणि त्यांतील बायका म्हणजे चारित्र्यहीन, असे गोरे अधिकारी लिहून गेले होते आणि आपलेही काही लोक तसेच बोलत. सर्व जातींची, सर्व थरांची माणसे त्यांत होती आणि पुष्कळजण घर सोडून आधीच कामाच्या शोधात फिरत होते, हे लाल यांनी आकड्यांनिशी दाखविले. पुढे फिजीच्या १९९७ च्या घटनेची शिफारस करणाऱ्या तीन सदस्यांच्या आयोगात ते होते. सत्य बोलल्याबद्दल २००९ मध्ये त्यांना फिजीतून घालविण्यात आले, आणि २०२१ मध्ये ते ऑस्ट्रेलियात वारले. एका मजुराच्या नातवाने साठ हजार माणसांच्या माथ्यावरील कलंक पुसला. असे दिवे पीएच.डी.ने लावता येतात.

आमचे काय? १८३४ पासून पुढल्या शतकभरात जवळजवळ पाच लाख मजूर मॉरिशसच्या धक्क्यावर उतरले. त्यांत मुंबईहून आलेले थोडे, आणि त्या थोड्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे आमचे आजे-पणजे. त्यांच्या नोंदवह्या आणि छायाचित्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. कलकत्त्याच्या आणि मद्रासच्या वाटेने आलेल्यांची संख्या मोठी, म्हणून इतिहासकारांचे लक्षही साहजिकच तिकडे अधिक गेले. मुंबईच्या वाटेने आलेल्यांचा तितका बारकाईने अभ्यास करण्यास फ्रेंच, इंग्रजी आणि क्रेओल या भाषा यावयास हव्यात, मराठी यावयास हवी, आणि कोकणातील जुन्या कागदांसाठी मोडी लिपीही हवी. इतक्या भाषा एका माणसापाशी कोठे सापडतील? आपल्याच घरांत. बेटावर जन्मून ब्लॅकटाउनला वाढलेल्या मुलापाशी यांपैकी तीन तरी घरातूनच आलेल्या असतात, आणि बाकीच्या त्याला शिकता येतात. जे भांडवल आपल्याला घरगुती वाटते, ते विद्यापीठात दुर्मिळ आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जात त्याचे वजन पडते, हे मुलांनी ध्यानात ठेवावे.

तेव्हा निर्णय कसा घ्यावा? आमच्या मते घराने चार गोष्टी विचाराव्यात. फी माफ होऊन निर्वाहवेतन मिळते आहे काय? मार्गदर्शक कोण, आणि त्यांचे विद्यार्थी वेळेत पदवी घेऊन बाहेर पडतात काय? संशोधन संपल्यावर प्राध्यापकपद मिळाले नाही, तर दुसरे कोणते काम हाताशी आहे? आणि चौथी, मुलाला किंवा मुलीला नेमके काय शोधावयाचे आहे, ते आजीला समजेल अशा चार वाक्यांत सांगता येते काय? चारींची उत्तरे समाधानकारक असतील तर घराने आडवे येऊ नये. पहिल्याचे उत्तर नकारार्थी असेल तर एखादे वर्ष थांबावे, नोकरी करावी, पुन्हा अर्ज करावा. कर्ज काढून मात्र करू नये. मुलगी असेल तर हे प्रश्न बदलत नाहीत. पदवीपर्यंत कलाशाखा मुलींना शोभते आणि त्यापुढे लग्नाचे वय जाते, असा जो हिशेब आपल्या घरांत अजून ऐकू येतो, तो या चार प्रश्नांत कोठेही बसत नाही.

शेवटी एक विनंती आपल्या मंडळांना. गणेशोत्सवावर आपण हौसेने खर्च करतो आणि करावाच. त्या खर्चातून थोडी रक्कम बाजूला काढून, मोका आणि मुंबईच्या दप्तरांत काम करू इच्छिणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याचा प्रवासखर्च भागविता येईल. आणि ज्या घरांत आजोबांचा जुना परवाना, नंबराचे तिकीट किंवा पत्र पेटीच्या तळाशी पडले असेल, त्यांनी ते बाहेर काढून त्याची प्रत करून ठेवावी. ते वाचणारा मुलगा किंवा मुलगी उद्या आपल्याच घरातून उभी राहील, आणि तेव्हा तिच्या हाती देण्यास आपल्यापाशी कागद असला पाहिजे.