जबान गेली, सवालही गेला

उर्दूत ‘जबान’ म्हणजे जीभही आणि भाषाही. वर्गात मी हे दरवर्षी सांगते. पण जीभ शाबूत असूनही भाषा जाऊ शकते, हे मला गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यामुळे कळलं.

८ जानेवारी २०११. अमेरिकेतल्या टुसॉन शहरात, सुपरमार्केटबाहेर लोकांना भेटत असताना या खासदारांच्या डोक्यात गोळी घातली गेली. त्या हल्ल्यात सहा जण मेले. गोळी गिफर्ड्स यांच्या मेंदूच्या डाव्या भागातून आरपार गेली. बहुतेक माणसांची भाषा तिथंच सांभाळली जाते. डॉक्टरांनी कवटीचा तुकडा काढून सुजणाऱ्या मेंदूला जागा करून दिली. जीव वाचला, शब्द हरवले. पुढे गाण्यांच्या आधाराने, एकेक शब्द जोडत त्या बोलू लागल्या.

डॉक्टरांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. माझा सवाल वेगळा आहे. गोळीबार रोखायचा कसा, यावर अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था संशोधन करत होती. १९९६ मध्ये तिथल्या संसदेने त्यावर बंधन घातलं आणि त्या कामाचे २६ लाख डॉलर मेंदूच्या दुखापतींकडे वळवले. म्हणजे जखमेचा अभ्यास करा, बंदुकीचा नको! ज्यांच्या नावाने ते बंधन ओळखलं जातं, त्या जे डिकी यांनीच २०१२ मध्ये संशोधनाची बाजू घेतली. तरी नवा निधी मंजूर व्हायला २०१९ चा डिसेंबर उजाडला.

मेंदूच्या दुखापतींवर पैसा खर्च व्हायलाच हवा. पण जखम शिवणं हे इल्मचं अर्धंच काम. ती का झाली, हे विचारणं उरलेलं अर्धं.