रात्रीच्या वर्गाला जाणारी आई

घरात दीर्घ आजारपण असले की ‘सेवा कोणी केली?’ या प्रश्नाचे उत्तर आपण रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्याचे नाव घेऊन देतो. औषधांचा खर्च भागावा म्हणून सकाळी बाहेर पडून रात्री परतणारे माणूस त्या उत्तरात सहसा नसते. ते माणूस स्त्री असेल, तर तिच्या वाट्याला आक्षेपही येतो. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला आणि ही बाहेर!

आज अशाच एका स्त्रीची आठवण करावयाची आहे. त्या मूळच्या क्यूबाच्या. आयुष्याचा उत्तरार्ध मात्र अमेरिकेतील मायामी शहरात गेला. नाव ग्लोरिया फाहार्दो. प्रसिद्ध गायिका ग्लोरिया एस्तेफान ही त्यांची कन्या. आईचे आणि मुलीचे नाव एकच, त्यामुळे वाचकांनी थोडे सावध राहावे. या लेखात नुसते ‘ग्लोरिया’ म्हटले की ती मुलगी समजावी.

फाहार्दो क्यूबात शिक्षिका होत्या. लहानपणी त्यांना गाण्याची आणि अभिनयाची आवड होती. शर्ली टेंपल या बालतारकेच्या चित्रपटांना स्पॅनिश आवाज देण्यासाठी घेतलेल्या स्पर्धेत त्या निवडल्या गेल्या होत्या, परंतु वडिलांनी जाऊ दिले नाही, ही आठवण त्यांच्या कुटुंबात सांगितली जाते. 1959 मध्ये क्यूबात क्रांती झाली. पती होसे हे पदच्युत राष्ट्राध्यक्ष बातिस्ता यांच्या कुटुंबाच्या सुरक्षेत काम केलेले पोलीस. मागे राहणे धोक्याचे होते. 1957 मध्ये जन्मलेल्या लहानग्या मुलीला घेऊन हे कुटुंब मायामीला आले.

पुढे एप्रिल 1961 मध्ये होसे ‘बे ऑफ पिग्ज’च्या फसलेल्या चढाईत सामील झाले आणि क्यूबात कैद झाले. डिसेंबर 1962 मध्ये अमेरिकेतून आलेल्या अन्नपदार्थांच्या आणि औषधांच्या मोबदल्यात त्या कैद्यांची सुटका झाली. लहान मुलांच्या आहाराचे डबे आणि औषधांच्या पेट्या देऊन माणसे सोडवून आणल्याचा हा प्रसंग आरोग्यविषयक पाक्षिकात नोंदवून ठेवण्यासारखा आहे. तोपर्यंतचे दीड वर्ष फाहार्दो परक्या भाषेच्या शहरात मुलीसह राहिल्या. शेजारीपाजारी बहुतेक अशाच स्त्रिया होत्या, ज्यांचे नवरे तुरुंगात होते.

सुटकेनंतर होसे अमेरिकेच्या सैन्यात दाखल झाले आणि व्हिएतनामच्या युद्धावर गेले. घरची माणसे ध्वनिफितीवर निरोप मुद्रित करून त्यांना पाठवीत. मुलगी त्यावर गाणी म्हणत असे. ते परत आले, परंतु चालताना तोल जाऊ लागला होता. निदान झाले मल्टिपल स्क्लेरोसिसचे.

या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदूतील व मज्जारज्जूतील चेतातंतूंवरचे मायलिन नावाचे आवरण कुरतडते. विजेच्या तारेवरचे वेष्टन झिजल्यावर जे होते तेच येथे होते, संदेश अडखळतात. दृष्टी, चाल, बोलणे, लघवीवरचा ताबा, स्मरण यांपैकी काय केव्हा ढासळेल हे रुग्णागणिक वेगळे असते. थकवा तर असा की बाहेरच्याला तो आळस वाटावा. आज या आजाराची गती मंदावणारी औषधे आहेत. मात्र त्यांतील पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले ते 1993 मध्ये. होसे यांच्या काळात उपचार म्हणजे मुख्यतः सेवाच होती.

ती सेवा कोणी केली? ग्लोरियाने. अकरा-बारा वर्षांची ही मुलगी शाळेतून येऊन वडिलांचे सर्व पाही. धाकटी बहीणही तिच्याच हाती. आपण तेव्हा रडत नव्हतो, खोलीचे दार लावून गिटार घेऊन तासन्‌तास गात होतो, असे तिने मोठेपणी अनेकदा सांगितले आहे.

आणि आई? क्यूबातील शिक्षिकेच्या पदवीला मायामीत किंमत नव्हती. त्या दिवसा नोकरी करीत आणि रात्री वर्गाला जात. अमेरिकेत शिकवण्याची पात्रता त्यांनी अशी नव्याने मिळवली. या वर्षांत घरातल्या पलंगाशी त्या कमी दिसतात. मला मात्र त्या घराचा सर्वांत मोठा भार त्यांच्याच खांद्यावर दिसतो. घरभाडे, दोन मुलींचे शिक्षण, आणि पती पुन्हा कधीही मिळवते होणार नाहीत हे ओळखून उभारलेली पुढची तजवीज. रात्रीचा वर्ग ही त्यांची महत्त्वाकांक्षा नव्हती असे मी म्हणणार नाही; असली तरी त्यात गैर काय? घरच्या माणसांसाठी झिजणारीने स्वतःसाठी काहीच इच्छू नये, ही आपली अपेक्षा थोडी क्रूर आहे.

तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. आईच्या या धडपडीचा काही भाग मुलीच्या बालपणातून वजा झाला. आजी कोन्सुएलो होती, तिने नातीच्या गाण्याला बळ दिले, हे खरे. पण शेवटी सारे त्या मुलीला पेलवेना, आणि ग्लोरिया सोळा वर्षांची असताना होसे यांना माजी सैनिकांच्या रुग्णालयात ठेवावे लागले. याला कोणी ‘टाकले’ म्हणू नये. काही आजारांत घर पुरे पडत नाही.

आपल्याकडेही शाळेतून आल्यावर आजोबांना भरवणारी, त्यांची औषधे सांभाळणारी नातवंडे असतात. आपण त्यांचे कौतुक करतो, ते करावेच. परंतु रुग्णाला उचलणे, स्नान घालणे, मलमूत्राची स्वच्छता ही कामे शक्य तोवर प्रौढांनी वाटून घ्यावीत. मुलाच्या पाठीचाही प्रश्न आहे आणि रुग्णाच्या संकोचाचाही. घरात आजारपण आहे हे वर्गशिक्षकांच्या कानावर घालावे. दिवसातला एक तास तरी त्या मुलाचा स्वतःचा असावा आणि त्या तासात त्याला हाक मारू नये. ते एकाएकी अबोल झाले किंवा अतिशय ‘शहाणे’ झाले, तर त्याच्याजवळ बसून विचारावे. आणि बाहेर जाणाऱ्या आईनेही आपण कोठे जातो, कशासाठी जातो, हे मुलाला उघडपणे सांगावे; मुले न सांगितलेल्या गोष्टींचा अर्थ स्वतःच लावतात.

1975 मध्ये ग्लोरियाला वाद्यवृंदात गाण्याचे बोलावणे आले, तेव्हा आई राजी नव्हती. शिक्षण आधी, ही तिची अट. स्वतःची पदवी एकदा निरुपयोगी ठरलेली आणि दुसऱ्यांदा कमावलेली ती स्त्री दुसरे काय म्हणणार? आजीने मध्यस्थी केली. मुलगी शनिवार-रविवारी गायली आणि मानसशास्त्राची पदवी घेऊनच विद्यापीठातून बाहेर पडली.

होसे 1980 मध्ये वारले. मार्च 1990 मध्ये ग्लोरियाच्या बसला अपघात होऊन तिच्या पाठीचा कणा मोडला. तिला पुन्हा चालता येईल की नाही, याची शाश्वती नव्हती. पतीची चाल हरपताना पाहिलेल्या आईपुढे तोच प्रश्न लेकीच्या रूपाने पुन्हा उभा राहिला. ग्लोरिया कित्येक महिन्यांच्या व्यायामाने सावरली.

2015 मध्ये या कुटुंबाच्या जीवनावरील संगीतिका न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आली. तीत आईची भूमिका ठळक आहे. अपघातानंतरच्या प्रसंगी, एखादे बोलणे सांगायचे राहून गेले तर काय, या भावनेचे गीत रंगमंचावर येते. त्याचे शब्द ग्लोरियाने लिहिले आणि चाल तिची कन्या एमिली हिने बांधली. आजीच्या तोंडी येणाऱ्या गीताला नातीची चाल. दोन वर्षांनी, 2017 मध्ये, ग्लोरिया फाहार्दो गेल्या.