मेंदूचा दरवाजा आणि गोळीची वेळ

घरातल्या आजोबांचा हात थरथरतो, चाल मंदावते, शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो. डॉक्टर पार्किन्सनचं निदान करतात आणि लेव्होडोपाची गोळी सुरू होते. सकाळची गोळी छान लागू पडते, दुपारची मात्र पडत नाही. घरचे म्हणतात, 'आता औषध चालेनासं झालं.' पुष्कळदा याचं कारण दुपारच्या ताटात असतं.

पार्किन्सनमध्ये मेंदूतलं डोपामिन कमी पडतं. मग डोपामिनच का देत नाहीत? कारण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. पेशीचं आवरण स्निग्ध असतं. पाण्यात विरघळणाऱ्या अमिनो आम्लांना ते थेट ओलांडता येत नाही. त्यासाठी आवरणात प्रथिनांचे वाहक असतात. ते बाहेरचा रेणू धरतात आणि आत सोडतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी तर एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, त्यामुळे तिथे वाहकाशिवाय वाटच नाही.

जेवणातलं टायरोसिन याच वाटेने आत जातं. मेंदूच्या पेशी त्यापासून आधी लेव्होडोपा आणि मग डोपामिन बनवतात. ट्रिप्टोफॅनही याच वाहकाने जातं. त्याचं सेरोटोनिन होतं. लेव्होडोपाची गोळीही हाच दरवाजा वापरते. आर्विद कार्लसन यांनी १९५०च्या दशकात डोपामिनचं हे काम दाखवलं. त्यांना २००० साली नोबेल मिळालं.

आता आपलं ताट पाहा. वाशिम, रिसोड, मंगरुळपीरच्या शिवारात सोयाबीन आणि तूर. घरात वरण, दालचा, कधी सोयावडी, कधी मटण. सगळं पौष्टिक. पण या प्रथिनांची अमिनो आम्लं आतड्यात आणि मेंदूच्या दारात एकाच वेळी गर्दी करतात, आणि गोळी मागे राहते.

म्हणून गोळी जेवणाआधी साधारण अर्धा तास, किंवा जेवणानंतर एक-दोन तासांनी घ्यावी. मळमळ होत असेल तर सोबत थोडे मुरमुरे किंवा साधं बिस्किट चालतं. लोहाची गोळी सुरू असेल तर दोन्हींत अंतर ठेवावं. मात्र वरण, अंडी, मटण बंद करू नका. वयात अशक्तपणा लवकर येतो. प्रथिनं दिवसात कशी वाटून द्यायची, हे डॉक्टरांना विचारा.

खाजकुयरीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असतो. त्यामुळे कोणी तिचं चूर्ण सुचवलं तर ते मनाने सुरू करू नका. गोळीत भर पडून मात्रा जास्त होते.

रमजानमध्ये विशेष जपा. या गोळ्या दिवसातून तीन-चार वेळा घ्याव्या लागतात. सहरी-इफ्तारसाठी त्या परस्पर पुढेमागे केल्या किंवा अचानक थांबवल्या, तर शरीर ताठरतं, गिळणं अवघड होतं, जिवावर बेतू शकतं. आजाऱ्याला कुरआननेच सवलत दिली आहे. चांद दिसण्याआधीच आजोबांना डॉक्टरांकडे घेऊन जा. सोबत एका कागदावर गोळीची वेळ, जेवणाची वेळ आणि थरथर वाढल्याची वेळ आठवडाभर लिहून न्या. डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो.